दगडाचं नावगाव

मेथीचा वाफा करायचा म्हणून दादा माझ्या लेकीच्या परसात कुदळ घेऊन उतरला आणि तासाभरात दोन बादल्या दगड काढून बसला. इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधलं लुईस हे गाव खडूवर वसलेलं आहे. फळ्यावरचा खडू आता बहुधा जिप्समचा असतो. हा खरा खडू, डोंगरच्या डोंगर. वरची माती वीतभर, की खाली पांढरंफटक. त्या पांढऱ्यात काळ्या-करड्या गारेचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे, वेडेवाकडे गोटे. त्यातला एक कुदळीच्या घावाने दुभंगला. दादाने दोन्ही अर्धुकं शर्टाला पुसली, उन्हात धरली, आणि मेथी तिथेच राहिली.

दादा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता, शेवटची दहा-बारा वर्षं इन्स्पेक्शनला. जॉब हातात घ्यायचा आणि ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हा त्याचा धर्म. छंद दगडांचा. त्याच्या शोकेसमध्ये जळगावचा अपोफायलाइट आहे, नाशिककडचा स्टिल्बाइट आहे, वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट आहे, आणि प्रत्येकापुढे टाइप केलेली चिठ्ठी. लेक पुराजीवशास्त्र शिकली. खडूतले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीवाश्म बघून ती बोगदे आणि पाये खोदणाऱ्यांना सांगते, की तुम्ही आत्ता कोणत्या थरात आहात. तिचा धर्म उलटा : पुरावा जिथे संपला तिथे वाक्य संपवायचं. मध्ये मी, चहा करणारी. चार दिवस चाललेलं हे बोलणं आठवेल तसं जुळवून लिहिते आहे; क्रम थोडा इकडेतिकडे झाला असेल.

मामा : हे बघ. बाहेर काळी गार, आत करडी गार, आणि दोन्हींच्या मधे हे तपकिरी जाळीचं कडं. व्हर्नियर नाही इथे, पट्टीने मोजलं. जाडी सगळीकडे चार मिलिमीटर. एवढी एकसारखी जाडी आपोआप येत नाही. हा कुणीतरी केलेला जॉब आहे. कुणीतरी म्हणजे जिवंत काहीतरी. नाव सांग.

भाची : स्पंज असावा.

मामा : ‘असावा’ हे आडनाव झालं. नाव सांग.

भाची : मामा, स्पंज माझा विषय नाही.

मामा : मग आमच्या पद्धतीने चल. आमच्याकडे गो-नो-गो गेज असतं. एक टोक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. नेमकं माप कळत नाही, पण माल चालेल की नाही ते कळतं. हे काय नाही ते आधी सांग.

भाची : बीळ नाही. या समुद्राच्या तळात कोळंबीच्या जातीचे प्राणी फाटे फुटलेली बिळं करायचे. पुढे त्या बिळांत गार साचली. तुझ्या बादलीत आल्याच्या गड्ड्यासारखे गोटे आहेत ना, ते बहुतेक तसले. लोक तेच स्पंज म्हणून आणतात, हाडं म्हणून आणतात, बोटं म्हणून आणतात. फोडले की आत नुसती गार. भिंत नाही, जाळी नाही.

मामा : प्रवाळ?

भाची : प्रवाळाच्या घराला आत उभे पडदे असतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याकडे येणारे. इथे आरे नाहीत. हाडाला जाळी असते, पण ती बाहेर घट्ट आणि आत विरळ होत जाते.

मामा : आणि ही सगळीकडे सारखी. भिंगातून मोजली. एका सेंटीमीटरात वीस-बावीस घरं.

भाची : मोजलीस? मग ठीक. पेल्यासारखा आकार, मधे पोकळी, भिंतीत जाळी. स्पंज. एवढं मी सहीनिशी देते.

मामा : एवढ्यावर पगार मिळतो का गं तुला?

ती हसली, पण तिला ते लागलं असावं, कारण पुढची दहा मिनिटं ती गारेबद्दलच बोलत राहिली. मला ते पहिल्यांदाच कळत होतं. या स्पंजांचा सांगाडा काचेचा, म्हणजे सिलिकाचा. बारीक बारीक सुया, त्यांना स्पिक्यूल म्हणतात. स्पंज मेला की सुया चिखलात विरघळत, सिलिका पाण्यातून झिरपत जाई आणि बिळांत, पोकळ्यांत पुन्हा साचून तिची गार होई. म्हणजे ससेक्समधली ही सगळी चकमक, जिच्या भिंती इथे घराघरांना आहेत, ती बरीचशी विरघळलेल्या स्पंजांची. आणि एखादा स्पंज स्वतःच त्या गारेत गुरफटला, तर अनेकदा त्याची नुसती छाया उरते. दूध आटवून खवा केल्यावर त्यात सायीचा पापुद्रा शोधावा तसं. दादाच्या हातातलं कडं ही अशीच छाया होती, वय साधारण नऊ कोटी वर्षं. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे या स्पंजापुढे लहान भाऊ.

दुसऱ्या दिवशी लेक आम्हाला हाय स्ट्रीटवर घेऊन गेली. तिथे एका घराच्या दर्शनी खांबांवर दगडात कोरलेली अमोनाइटची वेटोळी आहेत. हे गिडियन मँटेलचं घर. चांभाराचा मुलगा, पेशाने डॉक्टर. गावातली बाळंतपणं करायची आणि उरलेल्या वेळात खडूच्या खाणी धुंडाळायच्या. लोकांना तो १८२५ साली इग्वानोडॉन हे नाव देणारा म्हणून ठाऊक आहे. पण दहा वर्षं आधी, १८१५ मध्ये, त्याने लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात लुईसजवळच्या खडूतल्या एका चमत्कारिक जीवाश्माचं वर्णन छापलं होतं. १८२२ मध्ये साउथ डाउन्स टेकड्यांच्या जीवाश्मांवर त्याचं पुस्तक आलं. चित्रं त्याच्या बायकोने, मेरी अ‍ॅनने, केली. त्या पुस्तकात त्या चमत्कारिक प्राण्याला त्याने व्हेंट्रिक्युलाइटीस म्हटलं.

मामा : म्हणजे काय?

भाची : व्हेंट्रिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये लहानसं पोट. पोटुकलं म्हण.

मामा : बघ! डॉक्टर माणूस, शास्त्राचा पगार नाही, तरी नाव द्यायला भ्यायला नाही. तुमच्यासारख्यांवर सोडलं असतं तर अजून ‘असावा’च चाललं असतं. आणि माझा दगड याच गावचा, पोटासारखा, जाळीचा. घाल त्या नावात.

भाची : पोटासारखा आहे हेच तर अडचणीचं आहे. तू स्फटिक गोळा करतोस. जळगावचा अपोफायलाइट घे, नाहीतर जगात कुठलाही घे, कोन तोच. स्पंजाला कोन नाही. एकाच जातीचा स्पंज शांत पाण्यात उंच नळकांडं होईल आणि प्रवाहात पसरट ताटली होईल. जुन्या लोकांनी आकारावरून नावं ठेवली आणि एकाच जातीची अनेक नावं होऊन बसली. वडाचं झाड पारंब्यांच्या संख्येवरून ओळखण्यासारखं आहे ते.

मामा : मग कशावरून ओळखतात?

भाची : सांगाड्यावरून. सुया कशा आहेत, एकमेकींना कशा जोडल्या आहेत.

इथून पुढे तिने जे सांगितलं त्याने दादा चालता चालता थांबला. १८४८ मध्ये टूलमिन स्मिथ नावाच्या एका वकिलाने या पोटुकल्यांवर पुस्तकच लिहिलं. हाही हौशी. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की जाळीच्या सहा दांड्या जिथे एकत्र येतात ती गाठ भरीव नसते. तिथे तिरके आधार देऊन एक इवलासा पोकळ अष्टफलक केलेला असतो. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवले की होतो तो. पुढच्या शास्त्रज्ञांना त्यात कंदील दिसला आणि त्याला ग्रीकमधल्या दिव्याच्या शब्दावरून लिक्निस्क हे नाव पडलं. ही खूण असलेले स्पंज वेगळ्या गटातले. आज त्या गटाच्या मोजक्याच जाती खोल समुद्रात जिवंत आहेत. खडूच्या समुद्रात त्यांची रेलचेल होती.

मामा : म्हणजे स्फटिकच की हा! जिवंत प्राण्याच्या पोटात अष्टफलक! आणि तू म्हणतेस कोन नाहीत.

भाची : बाहेर नाहीत. आत आहेत, अर्ध्या मिलिमीटरच्या घरात.

मामा : वकील जिंकला.

भाची : वकिलाने पाहिलं ते बरोबर पाहिलं आणि निकाल चुकीचा दिला. त्याच्या मते हे स्पंज नव्हतेच, ब्रायोझोआंच्या, म्हणजे समुद्रशेवाळासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या, नात्यातले होते. अष्टफलक खरा, सोयरीक खोटी.

मामा : पण त्याने निकाल दिला! म्हणून तर चूक सापडली. ‘असावा’ची चूक कुणाला सापडत नाही.

मला दादाचं हे पटलं. लेकीलाही पटलं असावं, कारण ती पुढच्या दुकानाच्या काचेत काहीतरी बघत राहिली. मग म्हणाली, की १८७०च्या दशकात म्यूनिकच्या कार्ल झिटेलने आकार बाजूला सारून सांगाड्यावर सगळी वर्गवारी नव्याने बसवली, आणि त्याच्याकडे शिकलेल्या जॉर्ज जेनिंग्ज हाइंड या इंग्रजाने १८८० चा आपला प्रबंध नॉरफोकमधल्या हॉरस्टेड गावच्या एका गारेच्या गोट्यावर लिहिला. एका. त्या पोकळ गोट्यात खडूची भुकटी होती आणि भुकटीत स्पंजाच्या सुया. एकेक वेगळी काढून त्याने त्या कोणकोणत्या स्पंजांच्या आहेत ते सांगितलं. तीन वर्षांनी ब्रिटिश म्युझियममधल्या जीवाश्म स्पंजांची सूची त्यानेच केली.

दादा त्यावर काहीच बोलला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर व्हिनेगरची बरणी दिसली आणि भांडण झालं. दादाची घरची सवय : दगड आणला की आधी आम्लात टाकायचा, मग जुन्या टूथब्रशने घासायचा. त्याशिवाय तो शोकेसमध्ये जात नाही. त्याने रात्री अर्धुकं व्हिनेगरमध्ये बुडवली होती. पोकळीत अडकलेला खडू फसफसत निघून गेला होता आणि जाळी काय देखणी उघडी पडली होती! त्याच बरणीत त्याने बादलीतली एक गोळीही टाकली होती, बोराएवढी, पांढुरकी, आरपार भोक असलेली. ती अर्धी उरली होती.

भाची : मामा, खडू का काढलास?

मामा : घाण होती ती.

भाची : ती घाण नव्हती, तो पत्ता होता. त्या चिमूटभर खडूत शेकडो फोरॅमिनिफेरा असतात, मी बघते ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीवाश्म. ते मी चाळून पाहिले असते आणि हा दगड कोणत्या थरातला ते सांगितलं असतं. तेवढं एक काम मला खरंच येतं.

मामा : दगड तुझ्या परसातला. थर कशाला हवा आणखी?

भाची : परसातला म्हणजे कुठला? हे घर बांधताना कुणी गाडीभर दगड भरावाला आणून ओतले नसतील कशावरून? इथे घरं, कुंपणं, चर्च, सगळं गारेचं. गारेचे गोटे या गावात शतकानुशतकं इकडून तिकडे फिरताहेत. वर आलेला गोटा बेवारस असतो. त्याच्या खिशात एकच कागद होता आणि तो तू धुऊन टाकलास.

दादाचा चेहरा पडला. पण तो हरणारा नाही.

मामा : आणि ही गोळी? ती गेली हे वाईट झालं. पण ती गेली म्हणून तर कळलं ना, की ती सिलिकाची नाही? गार तशीच राहिली, गोळी विरघळली. दोन माल, एक टेस्ट.

भाची : हो. ती चुन्याची होती. पोरोस्फीरा. तोही स्पंजच, पण कॅल्साइटचा सांगाडा असलेला. ओळख एकदम बरोबर पटवलीस, फक्त ज्याची ओळख पटली तो राहिला नाही.

मी चहा पुढे केला. पोरोस्फीराची गोष्ट त्या चहावर ऐकली, आणि दोघांचं भांडण काही काळ त्या गोळीवर गेलं. ही गोळी १८२९ मध्ये जॉन फिलिप्सने यॉर्कशरच्या भूशास्त्रावरच्या पुस्तकात मिलेपोरा म्हणून नोंदली. १८७८ मध्ये श्टाइनमानने तिला पोरोस्फीरा हे नाव दिलं आणि हायड्रोझोआंत, म्हणजे जेलीफिशच्या भावकीत, नेऊन बसवलं. १९०४ मध्ये हाइंडने सांगाडा तपासून ती चुन्याचा स्पंज असल्याचं दाखवलं. पाऊणशे वर्षांत तीन घरं. आणि माणसांनी तिला चौथंच घर दिलं : बेडफर्डजवळच्या दगडी हत्यारांच्या थरांत अशा भोकाच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा वर्दिंग्टन स्मिथने १८९४ च्या आपल्या पुस्तकात त्या आदिमानवाच्या गळ्यातले मणी ठरवले. त्याच्याकडे दोनशेहून अधिक होत्या. फ्रान्समध्येही सापडल्या. २००९ मध्ये त्या नव्याने तपासल्या गेल्या. भोकं निसर्गानेच पाडलेली, आणि त्या ओवल्या होत्या असं ठामपणे म्हणण्याजोगी खूण नाही, असं निघालं.

मामा : ओवल्या नव्हत्या असंही निघालं नाही ना?

भाची : नाही.

मामा : झालं तर मग.

या ‘झालं तर मग’ने लेकीचा तोल गेला, आणि खरा वाद तिथे सुरू झाला.

भाची : तुझं सगळं नावाशी येऊन थांबतं. चिठ्ठी टाइप झाली की काम झालं. आपल्याकडे कुणाला ‘नाव काय’ एवढंच विचारतात का? नावगाव विचारतात. अर्धा प्रश्न गावाचा असतो. वस्तूचं नाव शंभर वर्षांनीही कुणी ठेवेल. गाव तिच्या सापडण्याच्या क्षणीच टिपता येतं, आणि ते फक्त सापडणाऱ्यालाच टिपता येतं. माझ्यासारख्या दहा जणी नंतर आल्या तरी ते परत मिळत नाही.

मामा : आणि ज्याला नाव नाही त्याचं गाव कोण लिहून ठेवतो? माझ्या बादलीतल्या दोनशे गोट्यांचं गाव लिहिलंस तू? याला स्पंज म्हटलं, तेव्हा तुला पत्ता आठवला. नावाची हाव नसती ना, तर ही सगळी कपाटं रिकामी असती. नागपूरचा हिस्लॉप घे. पाद्री. त्याला कुणी सांगितलं होतं गोगलगायी गोळा करायला?

भाची : बरा आठवला तुला. स्टीफन हिस्लॉपनेच तुला उत्तर दिलंय. नागपूर, टाकळी, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्याच्या तळ्यांचे साठे, त्यातल्या गोगलगायी, बिया, किडे, कुठे काय मिळालं ते त्याने लिहून ठेवलं. १८६० मध्ये त्याचा मोठा लेख छापला गेला. त्यात त्याने ते थर तृतीयक काळातले ठरवले. आज आपण त्यांना क्रिटेशसच्या अखेरीपासून पॅलिओसीनच्या सुरुवातीपर्यंत धरतो. काळाबद्दलचा त्याचा निर्णय मागे पडला. जागा पडल्या नाहीत. आजही लोक त्याच्या जागांवर जातात.

मामा : जातात, कारण त्याने निर्णय दिला. चुकीचा का असेना. वकिलासारखा.

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्या देवघरात शाळिग्राम आहे. तो अमोनाइट आहे हे मला या पोरीने सांगितलं, तोवर आमच्या घरात त्या प्राण्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पण ‘गंडकीचा आहे ना?’ हे प्रत्येक पिढीने विचारलं आहे.

लेक म्हणाली, “बघ मामा.”

दादा म्हणाला, “शाळिग्राम हे नाव नाही तर काय आहे?”

मी परत चहाकडे वळले.

माझं मत विचाराल, तर त्या घटकेला दोघेही आपापल्या नोकरीचं बोलत होते. दादाला पस्तीस वर्षं कुणी कच्चा माल कुठल्या खाणीतून आला ते विचारलं नाही. माप बरोबर आहे ना, एवढंच विचारलं. लेकीला कुणी जिवाचं नाव नावासाठी विचारत नाही. नावाआडून खोलीच विचारतात. शिवाय तिला एक भीती आहे, जी दादाला नाही. तिच्या सहीवर कुणीतरी बोगदा खणतं. आणि दादाला एक उतावीळ आहे, जी तिला नाही. तो अडुसष्टचा आहे.

संध्याकाळी लेकच एक सुई घेऊन त्याच्याकडे आली. अर्धुकाच्या तळाशी एक बारीक खळगी होती, व्हिनेगर तिथवर पोहोचलं नव्हतं. तिने सुईने खरवडून नखभर खडू कागदावर काढला.

भाची : एवढा बघते. आणि नाव हवं असेल तर एकच रस्ता आहे. काप काढावा लागेल.

मामा : केवढा?

भाची : दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा, आणि प्रकाश आरपार जाईपर्यंत घासत न्यायचा. तीस मायक्रॉनपर्यंत.

मामा : तीस मायक्रॉन ही टॉलरन्स असते गं, जाडी कशी असेल?

भाची : जाडी असते.

मामा : आणि हा दगड?

भाची : त्याचा बराचसा पाणी आणि चिखल होऊन जाईल. कंदील आहेत की नाहीत ते एवढ्याशा तुकड्यातच दिसेल. पोट बघून कळत नाही.

दादाने दोन्ही अर्धुकं जुळवून धरली. नीट बसत होती, रेषही दिसत नव्हती. चार दिवस नाव नाव करणारा माणूस म्हणाला, “कापू नको.” आणि गाव गाव करणारी मुलगी म्हणाली, “मग नाव मागू नकोस.” मला हसू आलं. दोघांना आलं नाही.

रात्री उशिरा निकाल लागला तो दगडानेच लावलेला होता : तो आधीच दुभंगलेला होता. एक अर्धुक लेकीचं, एक दादाचं. तिने तिचं काय करायचं ते करावं.

दादा पुण्याला परतला. महिन्याभराने लेकीचा काप तयार झाला. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने फोटो दाखवला : राखाडी धुक्यात पिवळट जाळी. बहुतेक ठिकाणी गारेने गाठी पुसून टाकलेल्या. एका कोपऱ्यात मात्र चार-पाच गाठी स्वच्छ होत्या आणि त्यांच्या मधोमध पोकळी, भोवती तिरके आधार. कंदील. दादा स्क्रीनच्या इतका जवळ आला की आम्हाला फक्त त्याचं कपाळ दिसत होतं.

मामा : अष्टफलक! मग झालं ना? व्हेंट्रिक्युलाइटीस.

भाची : कंदिलांच्या गटातला स्पंज. व्हेंट्रिक्युलाइटीसच्या भावकीतला, असं म्हणायला मी तयार आहे. त्याच्या घरातला म्हणायला नाही. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याची भोकं कशी होती, आतल्या बाजूला कशी होती, खाली मुळं होती का, हे माझ्या तुकड्यात नाही.

मामा : आणि गाव?

भाची : त्या नखभर खडूत सहा फोरॅमिनिफेरा निघाले. दोन ओळखता आले. त्यावरून लुईसजवळचा खडू खोडून निघत नाही.

मामा : ‘खोडून निघत नाही’! मी असं इन्स्पेक्शन रिपोर्टवर लिहिलं असतं तर दुपारी घरी पाठवलं असतं मला.

मग त्याने कॅमेरा फिरवला. त्याच्या टेबलावर जाड काच होती, काचेवर कार्बोरंडमची ओली पूड, आणि त्यावर त्याचं अर्धुक उपडं. टूलरूममध्ये सरफेस लॅपिंग करतात तसं तो ते रोज थोडं घासत होता. प्रत्येक वेळी किती गेलं ते मायक्रोमीटरने मोजून, वर येणाऱ्या पृष्ठाचं पेन्सिलने ड्रॉइंग करत होता. अकरा कागद झाले होते. प्रत्येकावर तारीख, खोली, आणि कडेला बारीक अक्षरात : लुईस, ससेक्स, परसातला वाफा, उत्तरेच्या कुंपणापासून सात फूट, जमिनीखाली एक वीत. अकराही कागदांवर हे पूर्ण लिहिलेलं होतं.

कागद एकावर एक ठेवून त्याने स्क्रीनसमोर भरभर उलटले. भिंत सरकताना दिसत होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला भोकांची एक रांग उघडत, मिटत, पुन्हा उघडत होती.

लेक बराच वेळ बोलली नाही.

भाची : मामा, ती भोकं सातव्या कागदावर मिटतात, दहाव्यावर परत येतात. एकाआड एक आहेत की एकाखाली एक?

मामा : ते अजून खाली गेल्याशिवाय कळणार नाही. घासू?

भाची : किती?

मामा : दोन दशांश. जास्त नाही.